पारोसा देव

“पाणी जास्त घेतलंत, रूपराव,” दाराकडे पाठ करून बसलेल्या इंदिराबाई म्हणाल्या. “दोन तांबे पुरतात त्याला. तिसरा ओतला की उंबऱ्याबाहेर येतं सगळं.”

पडद्याआडून रूपरावांचं हसणं ऐकू आलं. “तुमचे कान हायेत का माप, बाई?”

इंदिराबाई हसल्या नाहीत, पण त्यांना बरं वाटलं. एकेचाळीस वर्षं त्या रोज सकाळी याच जागी बसत आल्या होत्या. आत देवाची आंघोळ चालायची, बाहेर त्या फुलं निवडायच्या आणि आत काय चाललं आहे ते आवाजावरून ओळखायच्या. आधी समई सरकवल्याचा आवाज. मग पितळेचं काहीतरी दगडी कट्ट्यावर टेकवल्याचा ठणका, ते ताम्हन असणार. मग पाणी. मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे अंग पुसणं. पुन्हा एकदा पितळ वाजायचं आणि लगेच घंटा.

आत कार्तिकस्वामी होता. आंजी गावातल्या त्यांच्या घराच्या ओसरीला लागून एका खणाचं ते देऊळ, दाराला जाड लाल पडदा. कार्तिकस्वामीचं तोंड बायकांनी पाहायचं नाही, पाहिलं तर सात जन्म वैधव्य येतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. वर्षातून एकदा, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र आलं की तेवढ्या वेळापुरता पडदा बाजूला व्हायचा आणि आसपासच्या गावांतल्या बायका रांग लावायच्या. या घरच्या सुनेला मात्र पर्वणीलाही मुभा नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की आपण त्याचा नैवेद्य रांधतो, म्हणजे आपण त्याच्या कृत्तिका. कृत्तिकांनी त्याला दूध पाजलं आणि त्या आभाळात निघून गेल्या, मागे वळून तोंड बघत बसल्या नाहीत. भरवणारीनं बघायचं नसतं. हे आपल्याला पटलं की नाही, ते इंदिराबाईंनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. तेव्हा त्या नव्या होत्या. पुढे सवय झाली.

पूजा श्रीनिवासराव करायचे. पोस्टातली कारकुनी सांभाळून, ताप असला तरी, लग्नकार्य असलं तरी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी पूजा आटोपून ते ओसरीवर येऊन बसले, पाणी मागितलं, आणि इंदिराबाई पाणी घेऊन येईपर्यंत मान कलली होती. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला आलेल्या नागपूरच्या पुतण्यानं, अभिरामनं, सुचवलं की काकू, आता देवळाला कुलूप लावा आणि तुम्ही आमच्याकडे चला. त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातले रूपराव ओल्या धोतरानं दारात उभे राहिले. शेतकरी माणूस, त्यांना एक मंत्र यायचा नाही. इंदिराबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवण्यात म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी पडद्याबाहेर बसून, एकेक शब्द दहा-दहा वेळा म्हणून घेत रूपरावांना सगळी पूजा शिकवली. ‘षडाननं’ मात्र रूपरावांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. देव समजून घेईल, असं म्हणून बाईंनी तो नाद सोडला.

आज नैवेद्याचं ताट बाहेर देऊन झाल्यावर रूपराव गेले नाहीत. पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बाई, परवापासून मी येऊ शकत नाई. डोयाचं आपरेशन हाय. डाक्टर म्हणे महिनाभर वाकाचं नाई, पान्याचा थेंब जाऊ द्याचा नाई.”

इंदिराबाईंनी आधी डोळ्याची चौकशी केली, कुठला, कधीपासून, सोबत कोण आहे. मग पूजेला दुसरं कोण येईल ते विचारलं.

“आमच्या पोराले, पियुषले, म्हणून पाह्यलं,” रूपराव म्हणाले. “तो सहालाच कंपनीच्या गाडीत बसते. त्याची बाई करते म्हणे, पण बाईचं तं चालतच नाई.”

दोन दिवस इंदिराबाईंनी माणूस शोधला. कापसाची वेचणी सुरू झाली होती, सकाळी गावात पुरुष सापडत नव्हता. पिपरी मेघे गावच्या एका गुरुजींना फोन केला, ते रविवारी येईन म्हणाले. शेजारच्या शकुबाईंनी तर विषयच निकालात काढला. देव काही आपल्यासारखा घामेजत नाही, महिनाभर नाही धुतला तर काय बिघडतं, असं त्या कुंपणावरून म्हणाल्या आणि वेचणीला निघून गेल्या.

शनिवार होता. दुपारी गल्लीतली पोरं अंगणात गोष्टीला आली. बाई निवृत्त झाल्या तरी हा वर्ग चालू होता. पर्वणी जवळ आली की कार्तिकस्वामीची गोष्ट व्हायचीच. शंकराच्या तेजाच्या सहा ठिणग्या अग्नीलाही धरवल्या नाहीत, त्या गंगेत पडल्या, गंगेनं त्या बोरूच्या बेटात नेऊन ठेवल्या, तिथे त्यांची सहा बाळं झाली. सहा कृत्तिका आंघोळीला आल्या होत्या. प्रत्येकीला पान्हा फुटला. मग पार्वती आली आणि तिनं सगळी एकदम इतक्या जोरानं कवटाळली की त्यांचं एकच बाळ झालं. अंग एक, तोंडं तेवढी सहा राहिली.

“एवढी तोंडं काऊन?” रूपरावांची नात आकांक्षा दर वर्षी विचारायची.

चार तोंडांनी चार दिशा पाहतो, एकानं वर पाहतो, बाई सांगायच्या, आणि एकानं स्वतःच्या आत पाहतो. ते सगळ्यांत अवघड. त्याच्या हातात शक्ती असते, म्हणजे भाला. तो ज्ञानाचा, कारण ज्ञान नेमकं लागलं पाहिजे. मोर म्हणजे आपला तोरा. देवानं त्याला मारलं नाही, त्याच्यावर बसला. मोराच्या पायाखाली नाग आहे, तो आपली हाव. तिलाही मारलं नाही, दाबून धरलंय फक्त. पोरांना मोर आवडायचा. मग पृथ्वीप्रदक्षिणेची पैज यायची आणि सगळी पोरं गणपतीच्या बाजूनं व्हायची. बाई एकट्या कार्तिकेयाच्या बाजूला. खरी पृथ्वी फिरून आला तो हाच, त्या म्हणायच्या. आला तेव्हा पैज संपली होती. तो रागावून दूर डोंगरावर गेला. तिथे हळूहळू रागही गळाला. जे जे माझं म्हणून धरलं होतं ते एकेक सुटत गेलं, आणि शेवटी हातात काही उरलं नाही तेव्हा तो मोकळा झाला. त्यालाच मोक्ष म्हणतात. मोक्ष म्हणजे कुठलं गाव नसतं.

“मंग घरी आलाच नाई तो?”

“नाही.”

“त्याची माय रडली असन.”

“पौर्णिमेला आई जाते त्याला भेटायला. अमावास्येला बाप जातो.”

आकांक्षाला ते पुरेसं वाटलं. बाईंना त्या दिवशी वाटलं नाही.

रविवारी गुरुजींचा फोन लागला नाही. इंदिराबाई नेहमीप्रमाणे आंघोळ करून, तगरीची फुलं घेऊन आपल्या जागी बसल्या. सहा मुखांची सहा फुलं वेगळी ठेवली. आतून काहीच आवाज येत नव्हता. कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात कुणी जेवलं नव्हतं, म्हणून त्याही जेवल्या नाहीत. दुपारी चार वाजता त्यांनी दोन केळी खाल्ली आणि चोरी केल्यासारखं त्यांना वाटलं. देव पारोसा होता. त्याहून वाईट म्हणजे, दोन वर्षांत घरात दुसऱ्या माणसाचा आवाज व्हायचा तो फक्त सकाळचा अर्धा तास, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

सोमवारी पहाट उजाडताच त्यांनी श्रीनिवासरावांचं उपरणं ट्रंकेतून काढलं, चार पदरी केलं आणि डोळ्यांवर घट्ट बांधलं. सात जन्मांच्या वैधव्याचा हिशेब त्यांनी रात्रभर मनात मांडला होता. या जन्मीचं तर झालंच. पण पुढच्या सहांत विधवा व्हायची शिक्षा आपल्याला असली तरी मरावं त्यांनाच लागतं. त्यांनी काय म्हणून मरावं? तेव्हा बघायचं नाही. पण आंघोळ घालायला बघावं लागतं असं कुणी सांगितलं होतं?

तांब्या, पंचा, फुलं उंबऱ्याआत ठेवून त्या पडदा सारून आत गेल्या. दोन पावलांवर गुडघ्याला कट्टा लागला. आत तेलाचा आणि जुन्या कापराचा वास होता, श्रीनिवासराव पूजेहून बाहेर आले की त्यांच्या अंगाला यायचा तोच. त्या जराशा थांबल्या. मग हात पुढे केले.

बोटांना पितळ लागलं. गार, गुळगुळीत. एक नाक, एक हनुवटी. शेजारी दुसरं तोंड. तिसरं. त्यांनी अगदी वर्गातली पोरं मोजावीत तशी मोजली. सहा भरली. चाळीस वर्षं जे सांगितलं ते बरोबर होतं. त्यांनी पाणी घालण्यासाठी मुकुटाखाली आधाराला हात घातला, आणि सगळा देव हलला. सहाही तोंडं एकदम त्यांच्या हातात आली.

देव मोडला, पहिल्याच दिवशी आपल्या हातून देव मोडला. ते ओझं छातीशी धरून त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग हातांना कळलं की ते आतून पोकळ आहे, कडेला सुताची दोरी आहे. वाकून त्यांनी ते कट्ट्यावर टेकवलं. ठणका झाला. एकेचाळीस वर्षं ज्याला त्या ताम्हन समजत होत्या, तो आवाज.

मुखवटा होता तो.

त्यांनी पुन्हा हात पुढे केला. आता दगड लागला. लहानसं डोकं, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. चेहरा एकच. बाकीचे कुठेतरी असतील म्हणून त्यांनी डोक्यामागे हात फिरवला, कानांवरून फिरवला. मागे नुसता गोल दगड होता. नाक जवळजवळ झिजलेलं. उजव्या गालावर एक खोलगट जागा होती, त्यात त्यांचा अंगठा अलगद बसला. दगड तिथे असा गुळगुळीत होता की तो कुणी मुद्दाम घडवला नव्हता हे कळत होतं. रोज पुसून पुसून झाला होता तो. चेहरा डाव्या हातानं धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं गाल पुसायचा, अशी ती जागा होती. आधी सासऱ्यांचा अंगठा, मग एवढी वर्षं श्रीनिवासरावांचा.

त्यांनी दोन तांबे पाणी घातलं. अंग पुसलं. सहा फुलं एकाच डोक्यावर ठेवली. मुखवटा बांधायला त्यांना फार वेळ लागला. त्या दिवशी गावात कुणाला काही सांगितलं नाही, पण जेवल्या पोटभर.

गावात कळायला वेळ लागला नाही. शकुबाई कुंपणावरून म्हणाल्या, “का बाई, देवासंगं आंधळी कोशिंबीर सुरू केली म्हणते तुम्ही? सापडते का तो?” बाई म्हणाल्या की सापडतो, लहान आहे, फार लांब पळत नाही. शकुबाई हसत सुटल्या. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवलीही, पण डोळे बांधलेल्या म्हातारीला नेमका कुठला दोष लावायचा हे कुणालाच ठरवता येईना.

इंदिराबाईंच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत राहिली. श्रीनिवासराव कधी बोलले कसे नाहीत? रात्रीची जेवणं, लाइट गेल्यावर ओसरीवरचं बसणं, आजारपणं, गाडीतले प्रवास, सगळं त्यांनी उलटून पाहिलं. एकदाच, थंडीतल्या एका सकाळी पूजेहून बाहेर येताना ते म्हणाले होते, “आज त्याचा गाल बर्फासारखा होता.” तेव्हा बाईंनी शिक्षिकेच्या सवयीनं विचारलं होतं, सहा मुखांमधला कुठला गाल? ते नुसते हसले आणि चहा मागितला. ती वेळ होती. तेव्हा आपण आणखी काही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का? की हे एवढंच त्यांना स्वतःपुरतं ठेवायचं होतं? संसारात त्यांनी दुसरं काही लपवलेलं बाईंना आठवत नव्हतं. आणि हेही लपवलेलं म्हणायचं का, ते ठरत नव्हतं.

ऑपरेशन होऊन रूपराव काळा चष्मा लावून ओसरीवर येऊन बसू लागले. एके दिवशी बाईंनी विचारलंच.

“रूपराव, आतल्या देवाला एकच तोंड आहे.”

“हो.” रूपराव गोंधळले. “मुखवटा काहाडला का एकच. मले वाटे तुमाले माहीत हाय. तुमच्याच घरचा देव.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“श्रीनिवास म्हाराजानं. त्याईच्या पाठीत उसण भरलती तवा दोन दिवस मी हात लावाले गेलतो नं. म्हणे, रूपराव, हे पाहून घ्या. हा खरा. सहा तोंडं लोकायसाठी हायेत.”

बाईंनी मान डोलावली. गरम पाण्यात औषध टाकून डोळा पुसता का, असं काहीतरी त्या विचारत राहिल्या. श्रीनिवासरावांनी रूपरावांना सांगितलं होतं, म्हणजे बोलता येत होतं. त्या रात्री उशाला उपरणं होतं, ते त्यांनी उचलून खुंटीवर टाकलं. सकाळी पुन्हा तेच बांधलं.

यंदा पौर्णिमेला कृत्तिका सकाळी पावणेदहाला लागत होत्या आणि पौर्णिमा दिवे लागायच्या सुमाराला संपत होती. दहालाच रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेली. बायकांनी दर्भ, मोरपिसं, दिव्यांची ताटं आणली होती. पियुषनं सुटी टाकून आतली बाजू सांभाळली. इंदिराबाई दर वर्षीसारख्या बाहेर चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत बसल्या. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा आकांक्षा आणि तिच्या दोन मैत्रिणी आतून आल्या.

“आजी, तुमी सांगतलं तशीच हायेत. सहाच्या सहा,” आकांक्षा म्हणाली. आणि मग, “पण तुमी तं पाह्यलंच नाई म्हणे कधी. आजोबा सांगे. मंग शिकवलं कसं आमाले?”

तिच्या मनात काही नव्हतं. गणिताचं उत्तर कसं आलं ते विचारावं, तसं तिनं विचारलं. बाईंनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की न बघता उत्तर लिहायचं नाही. त्यांच्या हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला.

“ऐकलेलं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

शकुबाई ऐकत होत्या. त्यांनी द्रोण बाईंच्या हातातून काढून घेतला. सासू गेली, म्हाराज गेले, आता तुम्हाला बोलणारं कोण उरलं, आजच्या दिवशी सगळ्या बाया पाहतात, उठा, असं त्यांनी एका दमात सुनावलं. बाई उठल्या. ओसरीवरून थेट आत जाता आलं असतं, पण त्या अंगण उतरून बोळात गेल्या आणि रांगेत शेवटच्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे शकुबाई.

रांग हळूहळू पुढे गेली. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी समोर पाहिलं.

समयांच्या उजेडात सहा पिवळीधमक तोंडं झगझगत होती. डोळे मोठे, काळ्या रंगानं कोरलेले, मिशा चढवलेल्या. सहाही तोंडांना एकच हसू. देखणा होता देव. चाळीस वर्षं पोरांना जसा सांगितला तसाच होता, एक मिशी कमी नाही. इंदिराबाईंनी त्याला नीट पाहिलं, एकेक तोंड करून, जशी कुणाच्या घरची परकी मंडळी आपण ओळख लागते का म्हणून न्याहाळतो. ओळख लागली नाही.

त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

“बाई, अवो, डोये उघडा,” मागून शकुबाईंनी दंडाला हलवलं. “पर्वणी चालली जाईन. पाहून घ्या न डोयाभर.”

“पाहतेय,” इंदिराबाई म्हणाल्या.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. जोडलेल्या हातांत उजवा अंगठा हळूच, एकाच जागी फिरत होता. मग शकुबाईंचीही पाळी आहे हे लक्षात येऊन त्या बाजूला झाल्या.